जुन्या फ्रेंच मेजाच्या नक्षीला आणि भागांना मराठीत काय म्हणावे?

कुळागर, डिचोली

डिचोली तालुक्यातील एका जुन्या घरातील सामानाची मराठी नोंदवही करण्याचे काम गेला महिनाभर माझ्याकडे आहे. घर तीन भावांच्या समाईक मालकीचे आहे आणि वाटणी होण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे वर्णन असे लिहिले जावे की वस्तू समोर नसतानाही वाचणाऱ्याला तिची ओळख पटावी, एवढीच त्यांची मागणी आहे. समया, तांबी, पाट, चौरंग, पेटारे आणि माडीवरचा झोपाळा यांच्या नोंदी सहज झाल्या, कारण त्यांच्या बहुतेक भागांना आपल्याकडे नाव आहे. मी अडलो आहे तो दोन मेजांपाशी. घरात दोहोंनाही ‘फ्रेंच टेबल’ म्हणतात, आणि थोरले भाऊ तर दोन्ही मेजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या काळातली असल्याचे खरेदीची पावती खिशात असल्याच्या थाटात सांगतात.

पहिले मेज लहान आणि लंबगोल आहे: लांबी ७२, रुंदी ५० आणि उंची ७४ सेंटिमीटर. वर करड्या शिरांचा पांढरा संगमरवर असून त्याच्याभोवती सुमारे ३ सेंटिमीटर उंचीचा जाळीदार धातूचा कठडा आहे. संगमरवराखालच्या लाकडी पट्टीवर काटकोनात वळत जाणाऱ्या एकाच रेषेची धातूची नक्षी आहे आणि त्याच पट्टीत एक खण बसवला आहे. चारही पाय वरच्या बाजूस बाहेर फुगून खाली आत वळतात आणि टोकाशी पुन्हा किंचित बाहेर झुकतात. पायांच्या वरच्या अंगाला पानांच्या आकाराचे धातूचे तुकडे आहेत, टोकांवर धातूची आवरणे आहेत. बाकी सर्व पृष्ठभागावर दोन रंगांच्या लाकडी पट्ट्यांचे शंकरपाळे जुळवले आहेत. दुसरे मेज भिंतीला लावून ठेवण्याचे, भरीव शिसवी आहे. त्याच्या पुढच्या पायांच्या टोकांशी गोळा पकडलेला पंजा कोरला आहे आणि मधोमध एक मोठा शिंपला आहे.

माझ्या कच्च्या नोंदीत ‘नक्षीदार’ हा शब्द एका परिच्छेदात सात वेळा आला आहे, यावरून माझी अडचण लक्षात यावी. या भागांना मूळ नावे काय आहेत, ती मराठीत कशी आणावीत, आणि थोरल्या भावांचे म्हणणे नोंदवहीत तसेच लिहावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. एक खंत आताच सांगून टाकतो. गेल्या चवथीपूर्वीच्या साफसफाईत कोणीतरी लहान मेजाच्या दोन पायांवरचा धातू समईसारखा चिंच लावून घासला, त्यामुळे आता दोन पाय पिवळेधमक आणि दोन जुन्या सोन्याच्या रंगाचे, असे ते मेज उभे आहे.

मांडवीकाठ, पणजी

मी फ्रेंच शिकवत असे, लाकडातले मला फारसे कळत नाही; म्हणून शब्दांपुरतेच लिहितो.

आपल्याला वाटते तितके हे काम परके नाही, कारण फ्रेंच कारागिरांनी मेजाच्या भागांना दिलेली बरीचशी नावे घरातल्या आणि अंगावरच्या साध्या वस्तूंवरून आलेली आहेत. संगमरवराखालच्या ज्या पट्टीत खण बसवला आहे तिला ते ‘सँत्यूर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः कमरपट्टा. पायाच्या टोकावरचे धातूचे आवरण म्हणजे ‘साबो’, लाकडी जोडा. पायाच्या वरच्या अंगावरून खाली ओघळणारा पानाफुलांचा तुकडा म्हणजे ‘शूत’, आणि या शब्दाचा अर्थ पडणे. धबधब्यालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द वापरतात. तुम्ही वर्णन केलेल्या वळणदार पायाला इंग्रजी व्यापारात ‘कॅब्रिओल’ हे नाव रूढ झाले आणि त्यात बकरीच्या उडीची कल्पना आहे, परंतु फ्रेंच सुतार त्याला ‘पिए द बिश’, म्हणजे हरिणीचा पाय म्हणतो. याच नावाने आज फ्रान्समध्ये खिळे उपटायची पहारही ओळखली जाते आणि शिवणयंत्राचा कापड दाबून धरणारा पायही, त्यामुळे शब्दकोशात नुसते पाहून भाषांतर करणाऱ्याची फजिती ठरलेली.

सरळ पायांचीही अशीच नावे आहेत. निमुळता गोल पाय ‘फ्यूझले’, म्हणजे सूत काढायच्या चातीसारखा. चौकोनी आणि खाली अरुंद होत जाणारा पाय ‘गेन’, म्हणजे म्यान. त्याच्या टोकाशी कातलेला लहान गोल भाग असतो तो ‘तूपी’, म्हणजे चक्क भोवरा. पाय जिथे कमरपट्ट्याला मिळतो तिथे सोळाव्या लुईच्या शैलीत एक चौकोनी ठोकळा येतो आणि त्यावर बहुधा एक फूल कोरलेले असते. त्या ठोकळ्याचे नाव ‘दे’, म्हणजे सोंगट्यांच्या खेळातला फासा. पायावर उभ्या पन्हळी असतात आणि कधी कधी त्या पन्हळींच्या खालच्या भागात बारीक दांड्या बसवलेल्या दिसतात, त्यांना मेणबत्त्या म्हणतात, आणि काही जण शतावरीचे कोंबही म्हणतात.

सांगायचे ते एवढेच की शब्दाचे भाषांतर न करता त्यामागची वस्तू शोधावी. साबोला ‘पादत्राण’ म्हणणे हास्यास्पद होईल. पण काठीच्या टोकाला धातूची टोपी बसवली की तिला आपण शेंबी म्हणतो, आणि साबोही झिजेपासून पाय राखण्याचे तेच काम करतो. तेव्हा मी ‘शेंबी’ लिहीन. कमरपट्टा, चाती, म्यान, भोवरा आणि फासा हे शब्द आहेत तसे चालावेत.

रंधा, फोंडा

वरील उत्तर वाचून आनंद झाला, आमच्या कारखान्यातही शेंबीच म्हणतात. मात्र एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सगळीच नावे मराठी केली तर नोंदीतला पुरावा पुसला जातो. उदाहरणार्थ धातू. तुम्ही तो ‘पितळ’ लिहिलात तर वाचणारा समईच्या जातीचा समजेल, आणि पुढच्या चवथीला उरलेले दोन पायही चिंचेने घासले जातील. अशा मेजांवरचे तुकडे सहसा ओतीव ब्राँझचे असून त्यांवर सोन्याचा मुलामा असतो. फ्रेंचमध्ये ‘ब्रोंझ दोरे’, इंग्रजी व्यापारात ‘ऑर्मोलू’. अठराव्या शतकात हा मुलामा पाऱ्याने देत. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा ब्राँझवर लावायचा आणि भट्टीत तापवायचे, म्हणजे पारा उडून जातो आणि सोने चिकटून राहते. मग ज्या उंचवट्यांवर चमक हवी ते अकीकाच्या दगडाने घोटायचे आणि खोलगट भाग मंद ठेवायचे. त्या वाफेने मुलामा देणाऱ्या कारागिरांचे आयुष्य खुंटत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विजेच्या साहाय्याने मुलामा देणे सुरू झाले. तो थर पातळ आणि सर्वत्र एकसारखा दिसतो, मंद व चमकदार भागांतला तो फरक त्यात सहसा उतरत नाही. तुमच्या न घासलेल्या पायांवरचे पान भिंग लावून पाहा आणि मधली शीर व खोलगट भाग यांच्या तेजात फरक आहे का ते कळवा.

आता थोरल्या भावांचे म्हणणे. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: राजाचा काळ आणि राजाच्या नावाची शैली. पंधरावा लुई १७१५ ते १७७४ गादीवर होता. त्याच्या नावाने ओळखली जाणारी शैली साधारण १७३० ते १७६० या काळात भरात होती आणि तिची खूण अशी की पायाचे वळण कमरपट्ट्यात विरघळून जाते, पाय कुठे संपला आणि पट्टी कुठे सुरू झाली ते बोटाने दाखवता येत नाही. जोडीला शिंपले, खडकांसारखे आकार आणि मुद्दाम असमान ठेवलेली डावी-उजवी बाजू. पुढे प्राचीन ग्रीस आणि रोमची आवड वाढली आणि सरळ रेषा परतल्या. परंतु हे सोळावा लुई गादीवर येण्याच्या पुष्कळ आधीच घडू लागले होते, म्हणून १७६० ते १७७५ च्या सुमारास अशी मेजे झाली ज्यांचे पाय जुन्या वळणाचे आणि अंगावरची नक्षी नव्या वळणाची. तुमच्या मेजाच्या कमरपट्ट्यावर काटकोनात फिरणारी जी रेषा आहे तिला ‘ग्रेक’ म्हणतात, जाळीदार कठडाही याच बदलत्या काळात लोकप्रिय झाला, आणि पाय मात्र हरिणीचे आहेत. या मिश्रणाला ‘त्रांझिसियों’, म्हणजे संक्रमण शैली म्हणतात. पॅरिसमध्ये रॉजे व्हांदरक्रूझ हा कारागीर अशा लहान लंबगोल मेजांसाठी प्रसिद्ध होता आणि तो आपल्या कामावर ‘आरव्हीएलसी’ या अक्षरांचा शिक्का मारत असे.

शिक्क्यावरून आठवले. पॅरिसच्या सुतारांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसाय-संघाने, १७४३ मध्ये नियम केले आणि ते १७५१ पासून पुरते लागू झाले. त्यांनुसार कारागिराला आपला शिक्का मारणे बंधनकारक झाले, आणि तपासणी झाल्यावर श्रेणीचा ‘जेएमई’ हा शिक्का पडे. १७९१ मध्ये श्रेण्याच रद्द झाल्या. संगमरवर उचलून खालच्या लाकडी चौकटीवर आणि कमरपट्ट्याच्या खालच्या कडेवर शिक्का शोधावा. संगमरवर दोघांनी उचलावा आणि उभा धरूनच न्यावा, आडवा नेल्यास तो स्वतःच्या वजनाने मोडतो. शिक्का नसला म्हणजे मेज नकली असे मुळीच नाही, राजदरबारासाठी काम करणारे काही कारागीर या नियमातून सुटलेले होते. उलट शिक्का नंतरही मारता येतो, तेव्हा सापडला म्हणून लगेच हुरळूनही जाऊ नये.

शिक्क्यापेक्षा माझा विश्वास स्क्रूवर आहे. ब्राँझच्या तुकड्याचा एक स्क्रू सावकाश काढा. अठराव्या शतकातल्या हाताने केलेल्या स्क्रूचे टोक बोथट असते आणि डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसते. टोकदार आणि रेखीव स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. तसेच शंकरपाळ्यांचे विनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, एखाद्या ठिकाणी सुटलेले असेल, आपल्या पावसाळ्यात ते सुटतेच, तर त्याची जाडी मोजा. हाताने करवतलेले विनिअर साधारण दीड-दोन मिलिमीटरचे भरते आणि यंत्राने कापलेले एक मिलिमीटरच्याही आत. हे सगळे एकाच दिशेने बोलले तरच काळ लिहावा.

मांडवीकाठ, पणजी

श्री. रंधा यांचा आक्षेप मान्य आहे. मग मराठी शब्द आधी आणि मूळ फ्रेंच नाव त्याच वाक्यात पुढे, अशी पद्धत ठेवावी. लाकडाच्या नावाबाबत मात्र एक धोका सांगायलाच हवा. शंकरपाळ्यांतले फिकट लाकूड कोणी ‘ब्वा द रोज’ असल्याचे सांगितले तर त्याचे ‘रोझवूड’ करू नये. ते ब्राझीलचे, गुलाबी रेघांचे आणि उजेडाने गवती रंगावर येणारे लाकूड असून इंग्रजीत त्याला ट्यूलिपवूड म्हणतात. इंग्रजी रोझवूडला फ्रेंच शब्द ‘पालिसांद्र’ आहे.

रंधा, फोंडा

आणि गंमत म्हणजे ते ट्यूलिपवूड आणि आपली शिसव ही एकाच, डालबर्जिया वंशातली झाडे आहेत. खण पूर्ण बाहेर काढून जिथे उजेड पोहोचत नाही अशा कडेला पाहावे. तिथे मूळ गुलाबी रंग टिकलेला असतो. दोनशे वर्षांपूर्वी ही मेजे आजच्यासारखी मधाच्या रंगाची नव्हती, लग्नातल्या शालूइतकी भडक होती.

पागोटे, केपे

दुसऱ्या मेजाकडे कोणी पाहिलेले दिसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. माझ्या मते त्याचा फ्रान्सशी संबंध केवळ पायाच्या वळणापुरता आहे. गोळा पकडलेला पंजा फ्रेंच कामात क्वचितच दिसतो. तो इंग्लंडमध्ये फार चालला आणि तिथून पोर्तुगालमध्ये जुवांव पाचवा आणि जुझे पहिला यांच्या काळच्या सामानात रुजला. गोव्यातल्या जुन्या घरांत शिसवी लाकडावर कोरलेले असे पाय त्याच वाटेने आले असावेत. शिवाय पॅरिसमध्ये काम वाटलेले होते. भरीव लाकडात खुर्च्या आणि भिंतीला जोडलेली कन्सोल मेजे करणारा तो ‘मनुइझिए’ आणि विनिअर चढवणारा तो ‘एबेनिस्त’. फ्रेंच कन्सोल असते तर ते बहुधा बीच किंवा ओकचे, सोनेरी वर्ख लावलेले किंवा रंगवलेले असते, कारण कोरीव कामाखालचे लाकूड दिसायचे नसे. शिसव दिसू देण्यातच आपल्या मेस्तांची, म्हणजे सुतारांची, शान होती. त्याची नोंद ‘फ्रेंच’ म्हणून करणे हा त्या मेस्तावर अन्याय होईल.

कुळागर, डिचोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल दोन भावांच्या मदतीने संगमरवर उचलला. थोरले भाऊ सोबत होते आणि शिक्का शोधताना त्यांनी विजेरी स्वतः धरली होती, हे मुद्दाम सांगतो. शिक्का कुठेही मिळाला नाही. संगमरवराची खालची बाजू वरच्याइतकीच सपाट आहे. शेंबीचा एक स्क्रू काढला, तो टोकदार निघाला आणि खाच बरोबर मध्यावर आहे. मागच्या पायापाशी शंकरपाळ्याचा एक तुकडा सुटला होता, त्याची जाडी पाऊण मिलिमीटर भरली, साधारण जाड पुठ्ठ्याइतकी. न घासलेल्या पायांवरच्या पानात उंचवटा आणि खोलगट भाग यांचे तेज सारखेच आहे. खणाच्या आतल्या कडेला मात्र लाकूड खरोखर गुलाबी निघाले. ते पाहून थोरले भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी आपणहून सांगितले की ‘लुई’ हे नाव त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकले होते, कुठल्या कागदावर वाचलेले नव्हते.

नोंद पुढीलप्रमाणे लिहिली आहे, चुका दाखवाव्यात:

‘लहान लंबगोल मेज. पंधरावा व सोळावा लुई यांच्या शैलींमधील संक्रमण शैलीचे, म्हणजे त्रांझिसियों पद्धतीचे. घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची. वर करड्या शिरांचा पांढरा संगमरवर, भोवती जाळीदार कठडा. कमरपट्ट्यावर, म्हणजे सँत्यूरवर, ग्रेक नक्षी व एक खण. हरिणीच्या पायांच्या वळणाचे, म्हणजे पिए द बिश, चार पाय. गुडघ्यांवर ओघळती पाने, म्हणजे शूत, व टोकांना शेंब्या, म्हणजे साबो. पृष्ठभागावर ट्यूलिपवूड व एका गडद लाकडाच्या विनिअरचे शंकरपाळे. धातूकाम सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेचे. दोन पायांवरील मुलामा घासल्याने गेलेला. शिक्का नाही. घरातील सांगण्यानुसार पंधराव्या लुईच्या काळातील.’

दुसऱ्या मेजासाठी ‘शिसवी कन्सोल, इंडो-पोर्तुगीज घडणीचे, पंजा व गोळा असलेले पाय’ असे लिहिले आहे.

रंधा, फोंडा

नोंद उत्तम झाली आहे. शेवटचे वाक्य काढू नका, घरातले सांगणे हीही माहितीच आहे आणि तुम्ही ती योग्य जागी ठेवली आहे. ‘पितळेचे’ याऐवजी सध्या ‘तांब्याच्या मिश्रधातूचे’ लिहावे, कारण त्या काळच्या ओतकामात ब्राँझ आणि पितळ यांची सरमिसळ फार आहे आणि नुसत्या डोळ्यांनी निवाडा करता येत नाही. घासलेल्या पायांवर नवा मुलामा देण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसणे पुरे.

सुटलेला शंकरपाळा बाजारातल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नका. जुने काम सरसाचे असते, सरस ऊब आणि ओलावा दिला की पुन्हा सुटतो, त्यामुळे दुरुस्ती मोडून नीट करता येते. पावसाळा संपून लाकूड सुकेपर्यंत तो तुकडा एका पाकिटात घालून, त्यावर ‘मागचा डावा पाय, आतली बाजू’ असे लिहून खणात ठेवावा, आणि पाकीट खणात असल्याची ओळही नोंदवहीत घालावी.